मोरचूद, चुना, पाणी

बाबा आयुष्यभर ‘बोर्डो’ म्हणत राहिले.
एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी,
आणि भिजवायचं प्लास्टिकच्याच टिपात, लोखंडी नको.
बोर्डो हे कुठल्या तरी गावाचं नाव आहे
हे मला यान आला तेव्हा कळलं.
तोवर बाबा गेले होते.

यान आमच्या वाइनरीत पाहुणा. अडुसष्ट वर्षांचा.
बोर्डोचा नाही, तिथून बराच वर,
समुद्राकाठच्या चाळीस उंबऱ्यांच्या गावचा.
ऑक्टोबर छाटणीत, बांधावर डबा खाताना
तो तुटक इंग्रजीत गाव सांगायचा,
मी तुटक इंग्रजीत ऐकायची.

जर्मन आले, त्यांनी आधी घड्याळं बदलली.
सगळ्यांनी एक तास पुढं व्हायचं, बर्लिनसारखं.
त्याच्या आजोबांनी दुकानातलं घड्याळ पुढं केलं,
स्वयंपाकघरातलं नाही.
चार वर्षं त्या घरात सूप
गावाच्या तासाभरानं गरम व्हायचं.
मग चर्चच्या भिंतीपाशी सात माणसं.
ते त्यानं एका वाक्यात उरकलं
आणि मेथीची भाजी अजून मागितली.

बंकर अजून आहे, म्हणाला, वाळूत तिरका झालाय.
उन्हाळ्यात पोरं त्याच्या आडोशाला कपडे बदलतात.

आणि तुझं गाव?
देवळालीच्या पलीकडं. तोफांच्या रेंजला लागून.
त्याचा घास थांबला.
‘डुलाली?’

लढाईनंतर एक इंग्रज त्यांच्याकडंच राहिला होता, पर्किस.
जाळी शिवायचा.
संध्याकाळी बॅग भरून धक्क्यावर बसायचा,
मला घरी नेणारी बोट आज लागणार म्हणून.
मला डुलाली झालाय, असं स्वतःच सांगायचा.
यानला वाटे, तापाचं नाव असेल.

औषध तिकडचं गाव होऊन आमच्याकडं आलं
आणि वेड आमचं गाव होऊन तिकडं गेलं,
हे इंग्रजीत जुळवेपर्यंत
डबे धुऊन झाले होते.

गुरुवारी त्याला घरी नेलं, दारणेच्या पुलावरून.
लाल निशाण वर होतं.
आई सांगत होती, तिच्या लहानपणी बाया
पहाटे रेंजवर पितळ वेचायला जात,
ठकूमावशीची दोन बोटं त्यातच गेली,
आणि ही समई
धडाम्
त्याच पितळेची.
यान समई उलटी करून तळ बघत होता,
आकडे असतील म्हणून. नव्हते.

‘तुम्ही थांबता,’ तो म्हणाला.
कोण?
‘सगळे. वाक्याच्या मध्ये. आवाज गेला की पुढच्या शब्दापासून सुरू.’
छत्तीस वर्षं त्या घरात वावरले,
मला ठाऊक नव्हतं.
आईला विचारलं तर म्हणाली,
कोण थांबतंय? चहा घे म्हणावं त्याला.

तो गेला. फवारणी आली.
कधी कधी टिपात मोरचूद ओतता ओतता
मीच थांबते, तोफ नसताना,
हातात काठी तशीच.
निळं खाली जायला लागतं.
ढवळ गं, आई बांधावरून ओरडते,
बसेल ते.