किती जण आहोत

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावत येतात
आणि एका ओळीपाशी थांबतात.
रोज त्याच ओळीपाशी.
टेकडीवर चढणारी जुनी लिफ्ट कधीकधी
मध्येच अडकते, तशी;
आत मी, आणि खाली वालपराइसोचं अख्खं बंदर
दिवे लावून बसलेलं.

सतरा रात्री झाल्या.
किल्पुएच्या एका माणसाकडून जुना रायझन घेतला, आठ कोअरचा,
पिना मोजून, घासाघीस करून.
आधीचा सहाचा होता. त्याच्यावर हे चालायचं,
रडतखडत, पण चालायचं.
खऱ्या मॅकला माझी आठ महिन्यांची कमाई लागेल.
मी माहितीपटांसाठी आवाज गोळा करतो,
आणि समुद्रसिंहांच्या भुंकण्याचे पैसे
कोणी आठ महिने देत नाही.

कर्नल मोठ्या कुळातला.
दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न : कुणाचा तू?
इंटेलचा म्हटलं तर पाट मांडतो,
एएमडीचा म्हटलं तर दार लावून घेतो,
शिवीसुद्धा देत नाही.
पॅच म्हणजे खोटं बोलणं नव्हे,
असं मी यास्नाला समजावलं.
उत्तर बदलायचं नाही, प्रश्नच पुसायचा.
हे बाइट शोध, त्यांच्या जागी हे ठेव,
जिथे तो गोत्र विचारायला थांबतो
तिथून बोट धरून त्याला पुढे ने.
यास्ना म्हणाली,
अंतोफागास्ताच्या घरमालकाला
असा एखादा लावता आला असता.

काय काय केलं नाही.
ग्राफिक्स कार्ड काढलं, पुसलं, परत बसवलं.
रॅमची एक पट्टी ठेवली, मग दुसरी.
बायोसमधलं चार गिगाबाइटवरचं ते कलम
चालू, बंद, चालू.
पेनड्राइव्ह बदलला.
पॅचची फाइल नव्यानं उतरवली
आणि जुन्या फाइलमधले माझे आकडे
नीट, मायेनं, तिच्यात डकवले.

सातला आई ओन्सेसाठी हाक मारते.
ओन्से म्हणजे चहा, पाव, कुस्करलेला पाल्ता,
आणि कोण दिवसभर काय करत होतं त्याची चौकशी.
आई तीन कप मांडते. तिचा, माझा,
वरच्या खोलीतल्या भाडेकरू दोन एलेउतेरियोंचा.
यास्ना मुलाला घेऊन आली त्याला दोन महिने झाले,
तरी तीनच.
इस्माएल उठतो, आपला कप आणतो, आईचा आणतो,
बोलत नाही.

काल तो उठला नाही.
म्हणाला, आजी, आपण किती जण आहोत?

आई किटली घेऊन तशीच उभी.
तिनं मोजलं. बोटांवर नाही, तोंडं बघून.
मग स्वतःला धरायचं राहिलं,
परत पहिल्यापासून.

माझ्या हातातला पाव हातातच.
बी आठ, शून्य सहा, पुढे शून्यंच शून्यं.
ती ओळ, जिथे यंत्राला सांगावं लागतं
तुझ्या पोटात किती जण राहतात.
ते स्वतः मोजत नाही, सांगाल तेवढे धरतं.
आठ जणांच्या घरात
सतरा रात्री मी सहाच पानं वाढत होतो.

सहाचे आठ केले. चार ठिकाणी,
कारण प्रत्येक आवृत्तीची पंगत वेगळी.
अक्षरं धावली, त्या ओळीपाशी आली
आणि गेली.

इस्माएल दारात. बोटांना पाल्ता.
अस्सल आहे का, मामा?
पडद्यावर सफरचंद उमटलेलं.
चालतंय, म्हटलं.
तो प्रश्न पुसायला माझ्याकडे पॅच नव्हता.

मग समुद्रसिंहांची फाइल उघडली.
हिरवी रेघ उसळते, पडते, उसळते,
आणि खोलीत चिडीचूप.
साउंड लागलेलाच नाही. ते आता उद्या.

स्वयंपाकघरात आई कप विसळते.
एक, दोन, तीन,
चौथ्याचा कान उडालेला, आवाजावरून कळतं,
आणि पाच.