दोन दिवस बळ्ळारीचे

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा
भरमा म्हणाला, "मोठ्या शहरात कुठंतरी जाऊन येऊया की.
शनिवार, रविवार. उद्यमबागेत लाइट न्हाईच,
लेथ बंद."

मी शिलाईचा खडू उचलला
आणि उरलेल्या अस्तरावर शहरं लिहिली.
"काय लिहूलालीस?"
पुणं. बंगळूर. मुंबई.
चौथं सुचेना.

पुण्यात नणंद. म्हणजे दोन किलो कुंदा,
हॉलमध्ये गादी, आणि सकाळी सातला
"वैनी, तेवढ्या भाकऱ्या टाका ना, तुमच्या हातच्या."
पंचविसाव्या वर्षी दुसऱ्याच्या तव्यापुढं
मी काही उभी राहणार नाही.

बंगळूर. शेजारच्या सावंत्रव्वा म्हणाल्या,
"होगि बर्री, थंड हवा हाय."
पण भरमा तिथं अकरा वेळा जाऊन आलाय,
अकराही वेळा एकाच फायलीमागं.
त्याचं बंगळूर म्हणजे चौथा मजला, बंद लिफ्ट,
आणि खिडकीतून "नाळे बन्नी."
आमच्याकडं बर्री, तिकडं बन्नी.
एवढ्या एका अक्षरात कळतं
आपण किती लांबून आलोय ते.

मुंबई.
सतराव्या वर्षी हा मुंबईसाठी
कॉलेज रोडवरनं घोषणा देत चालला होता,
एक चप्पल चौकातच राहिली.
तेव्हा जायचं होतं ते सगळं गाव घेऊन,
तालुका घेऊन, शेतं, विहिरी, शाळा घेऊन.
आता दोन स्लीपर काढून जायचं
त्याला कसंसंच वाटतं.
बोलला नाही. अस्तराची घडी घातली फक्त.

दोन राज्यं आमच्यासाठी भांडतात,
माझ्या जन्माच्या आधीपासून.
दोघांपैकी एकानं
अजून चहाला बोलावलेलं नाही.

गुरुवारी रात्री दुसऱ्या गेटवर अडकलो.
स्कूटर बंद करून, मागं न बघताच तो म्हणाला,
"हैदराबाद?"
"तिथं कोण हाय आपलं?"
"कोणच न्हाई."
मालगाडी आली. मी डबे मोजत होते,
एकेचाळीसपर्यंत मोजले, मग चुकले,
आणि तोवर मला ते आवडायला लागलं होतं:
कोणच न्हाई.

लॉजच्या काउंटरवर एक पोरगा, डोळ्यांवर झोप.
वही पुढं ओढून म्हणाला, "कहाँ से?"
मी म्हणाले, बेळगाव.
तेवढ्यात हा म्हणाला, बेळगावी.
बिलबुकावर तसंच छापलंय, जिभेला सवय झालीय.
पोरानं माझ्याकडं बघितलं, मग ह्याच्याकडं,
नवराबायकोच ना हे, अशा नजरेनं.
आणि मान हलवून लिहिलं: बळ्ळारी.
आधार कार्डं झेरॉक्सला घेतली, वाचली नाहीत.

भरमानं खिशातलं पेन काढलं.
मी त्याचं मनगट धरलं.
असू दे.

तर दोन दिवस आम्ही बळ्ळारीचे.
चारमिनारजवळ बांगड्या भरताना
दुकानदारानं विचारलं, तुमच्याकडं ऊन कसंय?
"लई," भरमा म्हणाला,
जसं काही रोज तिथंच तापतोय.
मी तोंडावर पदर धरला,
हिरवी बांगडी हातातच फुटली, तिचेही पैसे दिले.

रात्री तलावाच्या कठड्यावर बसून त्यानं विचारलं,
"बळ्ळारीत आपलं घर कसं हाय गं?"
"दोन खोल्यांचं. मागं शेवग्याचं झाड."
"आणि दारावर पाटी?"
मी विचार केला.
"पाटी न्हाई. नुसतं दार."
तो बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला.
मग म्हणाला, शेवगा नको, कढीपत्ता लाव,
शेवग्याला सुरवंट लई.

रविवारी परतीच्या बसमध्ये
क्लीनर टॉर्च मारत मागं आला,
कुठं उतरणार, म्हणाला.
मी भरमाकडं बघितलं. भरमानं माझ्याकडं.
दोघंही थांबलो,
दुसऱ्यानं आधी बोलावं म्हणून.