लोकलहोस्ट

उद्यमनगरात, लेथच्या वरच्या माळ्यावर बसून
मी भाड्यानं घेतलं एक मशीन
जे मी कधी बघणार नाही.
मुंबईत आहे म्हणे, कुठल्याशा थंड खोलीत.
महिन्याचं भाडं आमच्या चहाच्या उधारीहून कमी.

खाली आज ओतकाम. जिन्यावर काळी वाळू,
कीबोर्डात काळी वाळू.
इलाहीमामा स्टुलावर बसून सांगतायत:
चारशे सतरा. पंपाची बॉडी. सागवान. डावीकडं तिसरी खुंटी.
चारशे अठरा, ते माणगाव्यांनी नेलं, पुराच्या वर्षी.
अडतीस वर्षांची लाकडं
एका माणसाच्या डोक्यात टांगलेली,
आणि दिवाळीनंतर मामा येणार नाहीत.

सर्व्हर उभा राहिला सात मिनिटांत.
डेटाबेस अकरा.
दोघांची गाठ पडेना.

कनेक्शन नाकारलं.
पासवर्ड तपासला. युजरचं नाव तपासलं.
पोर्ट पाच हजार चारशे बत्तीस, उघडं.
कनेक्शन नाकारलं.
एकदा वाटलं, फायरवॉलच काढून टाकावी,
येऊ दे जगातल्या कुणालाही.
मी हे पुटपुटले असेन, कारण मामा म्हणाले,
"कडी काढू नको पोरी. पॅटर्न सरपणाला जात्यात."

साडेसहाला सापडलं.
एका फायलीत, सकाळी मीच लिहिलेलं: लोकलहोस्ट.
म्हणजे बिचारा सर्व्हर अख्खी दुपार
आपल्याच घरात हाका मारत हिंडत होता,
आपलंच दार वाजवत होता,
आणि ज्याला शोधायचं तो राहतो पलीकडच्या गल्लीत.
पत्ता बदलला. रिस्टार्ट.

"मिटलं काय?"

पहिली ओळ गेली.
परत मागितली, परत आली,
काना-मात्रा शाबूत.
मामांनी चष्मा शर्टाला पुसला,
स्क्रीनवर बोट टेकवलं, तिथं वाळूचा ठसा.
"सागवान न्हवं. शिवण. सागवान चारशे सोळा."

दुरुस्त केलं.
"म्हंजे मी चुकलो तर हे बी चुकणार."
"व्हय."
"आणि मी गेल्यावर?"
खाली लोखंड ओतायला घेतलेलं,
खिडकी तांबडी झाली, फॅनचा आवाज बुडाला,
मला उत्तर द्यावं लागलं नाही.

चारशे अठराच्या जागेपुढं कर्सर लुकलुकत होता.
विचारलं, रिकामं सोडू?
"रिकामं कशाला?
माणगाव्यांकडं लिही," मामा म्हणाले.
"देतील आणून."