कलम चौथे

केपटाउन. समितीची खोली.
झोलेका टिपून घेते :
जुन्याच गोळीला नवं वेष्टन चढवून
मागितलेली आणखी वीस वर्षं मालकी
नाकारावी.
कंपनीचा वकील घोटभर पाणी पितो.
'"नाकारावी" नको, "नाकारता येईल" घाला.'
घातलं.

तिचा बाप सेरेसच्या बागेत
नासपतीची कलमं बांधायचा.
जुनं खोड, नवी काडी;
फळं मालकाची, वण बोटांवर.
आता फुप्फुसं थकलीत त्याची,
आणि स्वस्तातली गोळी
मंजुरीच्या टेबलावर
तिसरा हिवाळा काढतेय.

पुढची बैठक सप्टेंबरात.
नासपती फुलते तेव्हा.

रात्री फोनवर तो विचारतो,
'झालं का गं कलम?'
ती म्हणते, 'बांधलंय, ताता.
धरतंय का,
ते बघायचं.'