पहारेकरी क्रमांक दोन

मंगळवारी दुपारी हॅलिफॅक्सच्या जुन्या थिएटरात
तिकिटासोबत चहा आणि एक बिस्किट मिळतं.
मी आणि डोरीन, दोघी रात्रपाळीच्या,
झोप मोडून गेलो चोरीचा सिनेमा बघायला.

पाच निवृत्त बसड्रायव्हर, त्यांचं एक बदक,
आणि महापौरांची सोन्याची साखळी लांबवायचा बेत.
नकाशा केकच्या खोक्यावर.
एकाला घाबरला की उचकी लागते.
तिजोरीपाशी लागलीच.
बाहेर बँड वाजत होता, आणि उचकी
नेमकी ढोलाच्या ठोक्यावर बसत गेली.
डोरीन इतकी हसली की बिस्किट चहात बुडालं
आणि काढायला चमचा नव्हता.

खरं सांगते, पहिला तास झकास.
कुणी कुणाला मारत नाही.
ऐन कटाच्या मध्यावर थांबून सँडविच वाटून खातात,
ज्याला काकडी आवडत नाही
त्याची काकडी न विचारता दुसरा उचलतो.
एवढ्यावर मी त्यांना साखळी देऊन टाकली असती.

मग कुठूनशी एक पुतणी उगवते,
तिला इन्स्पेक्टर आवडतो,
वीस मिनिटं दोघं कालव्याकाठी चालतात
आणि आपण घड्याळ बघतो.
तिजोरी उघडते आठ सेकंदांत!
आमच्या म्युझियमचं मागचं दार
किल्ली असून तीन मिनिटं घेतं,
वर खांदा लावावा लागतो तो वेगळाच.

आणि तो पहारेकरी.
डोनट खाऊन घोरतोय,
साखळी त्याच्या नाकासमोरून गेली.
शेवटी नावं वर सरकू लागली
तेव्हा मी हट्टानं बसून राहिले.
बदकाला शिकवणाऱ्याचंसुद्धा नाव होतं,
हा मात्र 'पहारेकरी क्रमांक दोन'.
क्रमांक एक सिनेमाभर दिसलाच नाही.
बहुधा तोच जागा होता.

रात्री कामावर आले. बिल्ला लावला:
मालिनी खांबेटे. स्पेलिंग चुकलंय, पण नाव आहे.
चोराच्या मनात चांदणं, म्हणतात;
पहारेकरणीच्या हातात नुसती विजेरी.
मागांच्या दालनापुढे, काचेच्या कपाटात
चांदीची चहादाणी.
नऊ वर्षं तिच्यावरून उजेड फिरवतेय,
आज पहिल्यांदा नीट पाहिली:
केवढी आहे, पर्समध्ये मावेल का,
कुठली खिडकी धड लागत नाही.

नोंदवहीत लिहिलं, 'खिडकी तीन, कडी सैल.'
पुढे 'दुरुस्त करावी' लिहिणार
तेवढ्यात
उचकी लागली.