मधोमध

कंपनीवाले येणार असले की
आदल्या संध्याकाळी मी पाटी पुसतो.
प्लॉट क-४७, सर्व सुविधांसह.
'सुविधां'तल्या सु-वर दरवेळी कोळ्याचं जाळं असतं.
फडकं तेच, अकरा वर्षांचं.

खंदारे साहेब सांगतात, तेलंग्रे,
पाण्याचं विचारलं तर आधी धरणाचं नाव घ्यायचं,
टक्का विचारायच्या आत चहा पुढं करायचा.
चहा माझ्याकडं.
टक्का साहेबांकडं.

पहिले आले गियरवाले, पुण्याचे.
त्यांनी माती उचलली, तळहातावर चोळली,
मला वाटलं पेरतात की काय.
ही फुगते, म्हणाले. पाया फार खोल न्यावा लागेल.
मातीला हा दोष आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं,
आम्ही तिला त्याच्यासाठीच चांगली म्हणत होतो.

मग रंगवाले. मग टायरवाले.
मग कोरियाचे एक गृहस्थ,
ते प्लॉटच्या कडेला बूट काढून उभे राहिले.
देवस्थान समजले असतील म्हणून मीही चप्पल काढली.
खडा गेला होता त्यांच्या बुटात.

पत्रकावर हिरवळीचं चित्र आहे, कारंज्यासकट.
एका बाईंनी विचारलं, हे इथलंच का?
मी म्हणालो, पावसाळ्यानंतरचं.
खोटं नव्हतं ते.
किती पावसाळ्यांनंतरचं, एवढंच सांगितलं नाही.

मनुष्यबळ? मुबलक, म्हणतात साहेब,
आणि तालुकावार आकडे वाचतात.
त्या आकड्यात माझा भाचा भागवत धरलाय का, कोणास ठाऊक.
फिटरचा कोर्स केला त्यानं, आणि तो चाकणला असतो,
एका खाटेवर तिघं, पाळीपाळीनं,
त्यामुळं खाट कधी गार होत नाही, म्हणतो.

जालना सोने का पालना, असं म्हणतात आमच्याकडं.
दोरी कोणाच्या हातात, ते म्हणीत आलेलं नाही.

गेल्या मार्चात दस्तूर मॅडम आल्या.
त्रेचाळीस डिग्री, डोक्यावर फाईल धरलेली.
त्यांनी माती उचलली नाही.
पाण्याचं विचारलं नाही, साहेब धरणाचं नाव
तोंडात घोळवत तसेच राहिले.
सवलतीचा कागद त्यांनी घडी घालून पर्समध्ये टाकला.
मग मोबाईल आडवा धरून, इकडं तोंड करून, तिकडं तोंड करून:
नागपूर इतके तास. मुंबई इतके.
हैदराबाद. सुरत.
इथं काय पिकतं, काय बनतं,
त्याच्याशी आमचं काम नाही, म्हणाल्या.
आम्हाला गोदाम हवंय.
तुम्ही मधोमध आहात.

मधोमध!
जन्मापासून ऐकत आलो, आपण कडेला.
नकाशाच्या, बजेटच्या, अनुशेषाच्या रकान्यात
सगळ्यात शेवटी.
आणि ही बाई उन्हात उभी राहून सांगते
की सगळं आमच्यापासून सारखंच लांब आहे.
साहेब इतके हसले की चहा राहिला.
मला मात्र कळेना,
कौतुक झालं की अंतर मोजलं.

आता तिथं शेड आहे, निळी.
रात्रभर ट्रेलर मागं-मागं येताना पिंपिं करतात,
शेजारच्या वाडीतली कुत्री आधी भुंकायची,
आता कड बदलून झोपतात.
भागवत परत आलाय.
पगार तिकडच्यापेक्षा कमी, खाट स्वतःची.
हातात मशीन, खोक्यावर लाल उजेड, पुढचं खोकं.
आत काय असतं रे, मी विचारलं.
मामा, आत नाही बघायचं. पत्ता बघायचा.

पत्ते इंदूरचे, ठाण्याचे, वारंगळचे.
परवा एक खोकं निघालं आपल्याच पिनकोडचं.
पट्ट्यावरून पुढं जाईस्तोवर
तो त्याच्यासोबत चार पावलं चालत गेला,
सुपरवायझर ओरडला.
कोणाचं होतं? विचारलं तर म्हणाला, नाव नाही वाचलं.
गाव वाचण्यातच वेळ गेला.

सोमवारी क-४८ बघायला कोणीतरी येतंय.
मी नवं फडकं मागितलंय लेखी,
अजून मंजूर नाही.