लिओकाडियाचा हप्ता

दुकान घेतलं तेव्हा कुणी सांगितलं नाही
की फरशीखाली आणखी एक भाडेकरू राहतोय.
साउथ बेंड, इंडियाना. आधी तिथे ड्राय क्लीनिंग होतं,
आम्ही डाळी, हिंग आणि गोठवलेल्या पुरणपोळ्या विकल्या
एकोणीस वर्षं.

मग राज्य सरकारचं पत्र आलं.
मातीत पर्क. विहिरीत पर्क.
मागच्या गल्लीतल्या मिसेस ओडमच्या तळघराच्या हवेतही.
लोकांच्या कोटावरचे डाग काढणारं रसायन
स्वतःचा डाग घेऊन वाळूतून निघालं होतं
नदीकडे.
वर्षाला चाळीस फूट, भूजलवाला म्हणाला,
पोराची उंची सांगावी तसं.

सफाईचा खर्च सात लाख डॉलर.
दुकानाची किंमत एक लाख दहा हजार.
वसंत त्या रात्री जेवला नाही. मी जेवले.
कुणीतरी जेवायला हवं होतं.

थेल्मा ब्रॅकेन, आमची वकील, म्हणाली,
आताची पॉलिसी ठेवून द्या कपाटात,
तिच्यात प्रदूषण वगळलंय, ठळक अक्षरात.
जुनी शोधा. साठ-सत्तरच्या दशकातली.
तेव्हा कंपन्यांना कळत नव्हतं
आपण कशाकशाला हो म्हणतोय.

जुनी म्हणजे कुणाची?
ज्यांनी ते पिंप ओतलं, त्यांची.
शिमकोव्याक नवरा-बायको. दोघंही केव्हाच गेलेले.
त्यांच्या विम्यापर्यंत पोचायचं
तर आधी त्यांच्यावरच दावा ठोकायचा.
म्हणजे थडग्यावर टकटक करायची
आणि दार भलत्याच कुणी उघडायचं.

उघडलं डोलोरेसने. मुलगी. वय एकाहत्तर.
दारातच म्हणाली,
माझ्या आईने या गावात विष कालवलं
असं लिहिणार तुम्ही?
मी म्हटलं, कागदावर, हो.
तिने दार लावलं.

तीन आठवड्यांनी ती दुकानात आली,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन.
बटणं असतील वाटलं. चेकबुकाच्या स्थळप्रती निघाल्या,
कपड्यांच्या नंबरचिठ्ठ्या बांधायच्या दोऱ्याने बांधलेल्या,
एकसष्ट ते चौऱ्याहत्तर.
तिरक्या अक्षरात दर तिमाहीला एक ओळ:
लायबिलिटी, अठरा डॉलर चाळीस सेंट.
शेजारी पॉलिसीचा नंबर.
मूळ पॉलिसी कुणाकडेच नव्हती, कंपनीकडेही नाही.
ती कंपनी तरी कुठे होती?
माहेरचं नाव टाकून तीन सासरं करून
हार्टफर्डच्या एका काचेच्या इमारतीत नांदत होती.

तिचं उत्तर आलं, आम्ही नाही म्हणत नाही.
पुढच्या ओळीत, हो म्हणतो असंही नाही.
सर्व हक्क राखून.
असं चौदा महिने. मग एक दिवस चेक आला,
आणि पार्किंगमध्ये ड्रिलचा ट्रक.

हप्ता भरताना काय असेल तिच्या मनात?
वाफेने ओलसर बोटं पुसून
ती सही करत असेल, आणि डोळ्यापुढे पायरी:
बर्फावरून कुणी घसरलं तर,
इस्त्रीने कुणाचा लग्नाचा झगा जळला तर.
घसरलो शेवटी आम्ही,
ज्यांचं नाव तिला उच्चारताही आलं नसतं.
चौऱ्याहत्तरनंतरच्या स्थळप्रती मात्र डब्यात नाहीत.
तेव्हा पैसे नव्हते, की विसरली, की कुणी फेकल्या,
डोलोरेसला आठवत नाही.
त्या वर्षांचा खर्च कुणाचा, यावर अजून तारखा पडतायत.

पंप रात्रंदिवस घरघरतो.
गिऱ्हाइकं विचारतात, फ्रिज बिघडलाय का?
मी हो म्हणते.
चार नंबरच्या विहिरीत चारशे दहा होतं,
आता तीनशे पासष्ट.
पाच व्हायला हवं.

डोलोरेसचा फोन येतो महिन्यातून एकदा.
आकडा विचारते. मग थोडं थांबून,
कोर्टाच्या कागदावर अजून आईचंच नाव आहे का.
आहे, मी सांगते.
खोडता येतं का ते, काम झाल्यावर?
विचारून बघते, म्हणते मी.
विचारलंय. येत नाही.